झोपेची थकबाकी

बँकेतला कारकून काउंटरवर झोपा काढतो, असा एक समज समाजात फार जुन्या काळापासून चालत आलेला आहे. तो साफ खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कारण याच विषयावर मला पुढे एक कबुलीजबाब द्यायचा आहे. पण या समजाची दुसरी बाजू कोणी ध्यानात घेत नाही. ती अशी, की गेली दोन वर्षं मला काउंटर सोडून दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी झोप म्हणून येत नव्हती. गादी बदलली, उशी बदलली, पलंग पूर्वपश्चिम होता तो दक्षिणोत्तर केला, आणि दक्षिणेकडे पाय येतात म्हणून सासूबाईंनी हरकत घेतल्यावर पुन्हा पूर्वपश्चिम केला. झोप काही आली नाही. रात्री साडेअकराला दिवा मालवायचा आणि मग अंधारात आढ्याकडे पाहत पडायचं, हा कार्यक्रम मी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, एकही बँक हॉलिडे न पाळता, करत होतो.

आमगाव हे झोपेला वाईट गाव आहे, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. गोंदियाच्या पुढे हावड्याकडे जाणाऱ्या रुळांवरचं हे आमचं धानाचं गाव. महाराष्ट्र इथून पुढे थोडाच शिल्लक राहतो. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. उन्हाळ्यात दुपारी दीड वाजता इथं कुत्रंसुद्धा उभं दिसत नाही. सारा तालुका झोपतो. जागे फक्त दोघं. एक राइस मिलचं इंजिन आणि दुसरा मी.

रात्री मालगाड्या जातात. झोप येत नसेल तर मेंढ्या मोजाव्यात असं साहेबलोक सांगतात. आमच्याकडे मेंढ्यांपेक्षा मालगाड्या जास्त, म्हणून मी डबे मोजू लागलो. कोळशाची गाडी असली की रुळांच्या सांध्यावरच्या आवाजावरून डबे बरोबर मोजता येतात. अठ्ठावन्न डबे आणि मागं गार्डाचा एक, असा माझा हिशेब ठरून गेला होता. एका रात्री सत्तावन्नच भरले. आता एक डबा शॉर्ट गेला कुठे, या काळजीत मी पहाटेपर्यंत टक्क जागा होतो. कॅशिअरला मोजायला लावून झोप आणणं हा उपायच मुळात चुकीचा.

उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सासूबाईंनी काशाच्या वाटीनं तळपाय घासायला सांगितले. ही रोज रात्री वाटी घेऊन बसे, आणि पंधरा मिनिटांत घासता घासता तिलाच झोप लागे. मग तिच्या हातातली वाटी हळूच काढून घेऊन ठेवण्याचं काम माझ्याकडे. जायफळ उगाळून दुधातून घेतलं. खसखशीची खीर झाली. एका मित्रानं सांगितलं, नाटकाला जा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की गावोगाव नाटकं होतात, आणि ती रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतात. दुसऱ्या दिवशी माणसं तशीच धान कापायला जातात. म्हटलं, नाही तरी जागायचंच आहे तर तिकीट काढून जागू. तर पहिल्या अंकात खलनायकानं पिस्तूल काढलं तेव्हाचं मला आठवतं. त्यानंतर एकदम सगळे लोक खुर्च्यांवरून उठताना दिसले आणि पूर्वेला उजाडलं होतं. दोन वर्षांतली ती माझी सर्वोत्तम झोप. पण रोज कोण नाटक लावणार?

शाखेतला शिपाई हा आमचा धन्वंतरी. तो म्हणाला, “सायेब, थोडी मोहाची घ्या जी. मग पहा.” चैत्रात आमच्याकडच्या जंगलाकाठच्या गावांत पहाटे अंधारातच माणसं मोहफुलं वेचायला निघतात. फुलं नुसती गोड असतात. झाडाखालचं ताजं फूल खाऊन अस्वल झिंगतं ही गोष्ट सांगायला चांगली, पण झिंग येते ती फुलं आंबवल्यावर. तर एका लग्नात मी आग्रहाला बळी पडून दोन घोट घेतले. नऊ वाजता जो आडवा झालो तो दोन वाजता लख्ख जागा! आणि नुसता जागा नव्हे, तर शाळेत पाचवीत केलेली चोरी आठवून अपराधी वाटण्याइतका जागा. पुढे कळलं, की हे शास्त्रशुद्धच झालं होतं. दारू लवकर निजवते, पण रात्रीच्या पहिल्या भागातली स्वप्नांची झोप दाबून टाकते आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे करते. म्हणजे ओव्हरड्राफ्ट. उचल पटकन मिळते, व्याज पहाटे लागतं.

झोपेच्या गोळीचा विषय मी डॉक्टरांकडे काढून पाहिला. माझ्या लहानपणी घरोघरी ‘काम्पोज’ हे नाव ऐकू यायचं. लेकीची पाठवणी झाली की आईला काम्पोज, परीक्षेचा निकाल लागला की बापाला काम्पोज. ते डायझेपाम नावाचं औषध १९६३ साली बाजारात आलं आणि जगभर माणसं ते शेंगदाण्यासारखं खाऊ लागली. मग हळूहळू कळलं, की गोळी धरणं सोपं, सोडणं कठीण. आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “दिवसाला चहा किती?” मी म्हटलं, “चहाचं काय, दोनतीन.” इथंच मी पहिलं खोटं व्हाउचर पास केलं.

ते पकडलं माझ्या मुलीनं.

मुलगी गोंदियाला कॉलेजात बी.ए.ला आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. तिनं वाणिज्य शाखा घ्यावी ही माझी साधी अपेक्षा. तिनं मानसशास्त्र घेतलं. मी विचारलं, “याचा पुढे उपयोग काय?” ती म्हणाली, “पुढे माहीत नाही, बाबा. घरात भरपूर आहे.” रात्री मी जागाच असल्यामुळे तिचा पाठ घेण्याचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे ती डोळे मिटून बोलणार आणि मी पुस्तकात बघून टिकमार्क करणार. अशा रीतीनं निद्रा, स्वप्न, संमोहन, ध्यान आणि मादक द्रव्यं हे प्रकरण माझ्या हाती आलं. प्रकरणाचं नाव ‘बोधावस्था’. मला वाटलं होतं, सगळं परदेशी असेल. पण मांडूक्य उपनिषदात हा माल आपल्याकडे फार आधी जमा झालेला आहे. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या, अशा चार अवस्था तिथं सांगितल्या आहेत. बँकेत पाचवी एक असते. सर्व्हर डाऊन. या अवस्थेत कारकून जागाही नसतो, झोपलेलाही नसतो, त्याला सुखदुःख नसतं आणि समोरच्या रांगेचं भानही नसतं.

तिला प्रॅक्टिकलसाठी कोणाची तरी पंधरा दिवसांची निद्रा-नोंदवही ठेवायची होती. मानसशास्त्रात ज्याच्यावर प्रयोग करतात त्याला ‘प्रयुक्त’ म्हणतात. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही माझे प्रयुक्त.” जन्मभर मी ‘अहो’, ‘बाबा’, ‘सायेब’ आणि ‘ओ कॅशिअर’ झालो होतो, प्रयुक्त पहिल्यांदाच झालो. शास्त्राचा इतिहास पाहिला तर यात काही कमीपणा नव्हता. अमेरिकेत शिकागोला अॅसेरिन्स्की नावाच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा लावून त्याला झोपवला आणि कागदावर रेघा पाहत बसला. झोपेत मधूनच पोराचे डोळे पापण्यांखाली भराभरा फिरू लागतात हे त्याला दिसलं. आपल्याला स्वप्नं मुख्यतः त्याच झोपेत पडतात, आणि साधारण दर दीड तासानं तिची पाळी येते. हे १९५३ साली छापून आलं. त्याचे गुरू क्लाइटमन. ते १९३८ साली एका शिष्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत महिनाभर राहिले होते. सूर्य दिसला नाही तर शरीर अठ्ठावीस तासांचा दिवस मान्य करतं का, हे पाहायला. तरुण शिष्यानं केला, गुरूंच्या शरीरानं चोवीस तासांचा हट्ट सोडला नाही. ती गुहा म्हणजे आमची स्ट्राँगरूम असावी असं मला वाटतं. पण आमच्याकडे मॅनेजर अठ्ठावीस तासांचा दिवस गुहेशिवायच करून दाखवतात.

द्रव्यांच्या बाबतीत तर या शास्त्रज्ञांनी कमालच केली आहे. फ्रॉइडसाहेबांनी १८८४ साली कोकेनवर स्तुतिपर निबंध लिहिला, स्वतः घेऊन पाहिल्यावर. हॉफमन नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञानं १९४३ च्या एप्रिलमध्ये आपण तयार केलेलं एल.एस.डी. स्वतःच थोडंसं घेतलं आणि तशा अवस्थेत सायकलवरून घरी गेला. ही सायकलस्वारी जगप्रसिद्ध आहे. आमच्याकडे रंगपंचमीला भांग पिऊन अशा कितीतरी सायकली घरी गेल्या. पण कोणी टिपण ठेवलं नाही, म्हणून आपण मागं राहिलो. आणि मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची गोळी चाटवून निजवत, त्या पोरांचं टिपण तर कोण ठेवणार?

असो. माझं टिपण सुरू झालं. मी स्वतः वही आखून दिली. डाव्या बाजूला नावे, उजव्या बाजूला जमा. नावे बाजूला जागरण, चहा आणि खर्रा. जमा बाजूला झोप. पहिल्या दिवशीची नोंद अशी: चहा नऊ, खर्रा सात पुड्या, झोप चार तास दहा मिनिटं. मी म्हटलं, “नऊ कसे? मी तर पाचच मोजले.” ती म्हणाली, “कटिंग तुम्ही मोजत नाही, बाबा.” कारकुनाच्या घरात ऑडिटर जन्माला आला की असं होतं.

खर्रा म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत घालून तो पाटीवर तळहातानं घोटायचा. घोटण्याचा आवाज खर्र-खर्र येतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; पण आमच्याकडे दोन ओळखीची माणसं भेटली की नमस्काराच्या आधी पन्नी उघडते. लग्नात, मयतीत, पंचायतीत, कर्जवसुलीत खर्रा चालतो. थकबाकीदाराच्या दारात गेलं आणि त्यानं खर्रा पुढे केला नाही, तर समजावं की पैसे येत नाहीत. आमच्या दृष्टीनं हा नशाच नव्हे. नशा म्हणजे दारू, गांजा. खर्रा म्हणजे शिष्टाचार.

तर चहाचं मुलीनं मला असं समजावलं. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं, की झोप येते. कॅफीन काय करतं, तर त्या जागेवर आधीच जाऊन बसतं. मला हे लगेच कळलं. म्हणजे खिडकीपुढच्या खुर्चीत भलताच माणूस बसलाय. कामही करत नाही, उठतही नाही. बाहेर व्हाउचरांचा ढीग साठतोय. तो उठला की सगळी व्हाउचरं एकदम अंगावर येतात, म्हणून संध्याकाळी माणूस गळून जातो आणि पुन्हा चहा मागतो. बरं, हा पाहुणा उठायला वेळ लावतो. सहा वाजताच्या चहातलं निम्मं कॅफीन अकरा वाजताही अंगात असतं. मी रोज रात्री निम्मा कप चहा पिऊन गादीवर पडत होतो, एवढाच याचा अर्थ.

खऱ्र्याचं गणित याहून बिकट. आमचा सगळ्यांचा अनुभव असा, की पुडी तोंडात टाकली की मन शांत होतं. शास्त्र म्हणतं, निकोटीन हे जागवणारं द्रव्य. सुपारीतला अर्कही जागवणाराच. आणि चुन्यामुळे निकोटीन रक्तात लवकर शिरतं. मग शांत वाटतं ते कसं? तर मागच्या पुडीनं जी बेचैनी केली ती पुढची पुडी मिटवते. वीस वर्षं मी ज्याला मनःशांती म्हणत होतो, ते जुनं कर्ज नव्या कर्जानं फेडणं निघालं. आमच्याकडे याला ‘खातं नवं-जुनं करणं’ म्हणतात, आणि असं करणाऱ्या शेतकऱ्याला मी काउंटरवरून उपदेश करत असे.

इथवर सगळं गमतीचं होतं. आठव्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, तोंड उघडा. तीन बोटं उभी धरून आत घाला.” मी घातली. दोन गेली. तिसरं उंबऱ्याशी अडलं. मी हसून म्हटलं, “माझी बोटंच जाड आहेत.” तिनं स्वतःची तीन बोटं स्वतःच्या तोंडात घालून दाखवली. मग हिनं घातली. मग सासूबाईंनी, कवळी काढून. घरातली सगळी माणसं तोंडात तीन तीन बोटं घालून माझ्याकडे पाहत उभी राहिली. एरवी हे दृश्य पाहून मी लोळलो असतो.

गोंदियाला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, सुपारीनं गालाच्या आतला पडदा ताठ होत जातो, आवळत जातो. आवळला तो सहसा पहिल्यासारखा होत नाही. सोडलं तर पुढचं थांबवता येईल. न सोडता काही जणांना पुढे काय होतं, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकताना ही भिंतीवरचं दातांचं कॅलेंडर वाचत होती. परतीच्या गाडीत ती काही बोलली नाही. आमगाव आलं तेव्हा एवढंच म्हणाली, “तिखट खाताना तुम्ही डोळे का पुसता, मी विचारणार होते.” सहा महिन्यांपासून मी वरणात तिखट कमी घाल म्हणून सांगत होतो, वय झालं म्हणून.

मी त्याच दिवशी दोन्ही सोडलं, चहाही आणि खर्राही. मुलगी म्हणत होती, हळूहळू सोडा. पण माझा स्वभाव बँकेचा. खातं बंद करायचं तर शिल्लक काढून, पासबुक फाडून. पहिल्या दिवशी डोकं असं धरलं की केस विंचरताना दुखे. दुसऱ्या दिवशी मी तीन खातेदारांशी, एका एटीएम यंत्राशी आणि घरी कुकरशी भांडलो. पुस्तकात हे सगळं ‘लक्षणं’ म्हणून छापलेलं आहे. दुसरं-तिसरं दिवस सर्वांत वाईट, असंही छापलेलं आहे. फक्त एक गोष्ट मी नीट वाचली नव्हती: सोडल्यावर सुरुवातीला झोप आणखी बिघडते. दोन रात्री मिळून मी तीन तास झोपलो असेन.

आणि तिसरा दिवस बाजाराचा निघाला.

त्या दिवशी गर्दी होती. धानाचे चुकारे जमा झाले होते. पावणेदोनच्या सुमाराला सालेकशाकडचा एक शेतकरी दोन लाख काढायला आला. लेकीचं लग्न. पाचशेची चार पॅकेटं. मी एक, दोन, तीन, चार मोजून त्याला दिली. त्यानं थैलीत घातली आणि बस गाठायला गेला. मोजून घ्या म्हटलं, तर म्हणाला, “तुम्ही मोजले ना जी.”

संध्याकाळी कॅश बंद केली. पन्नास हजार शॉर्ट.

ज्यांनी कॅशवर काम केलेलं नाही त्यांना या तीन शब्दांचा आवाज ऐकू येणार नाही. हेड कॅशिअरनं मोजली. मॅनेजरसाहेबांनी मोजली. शिपायानं टेबलाखाली, पंख्याखाली आणि कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं. मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर मी होतो. मी पहिलं पॅकेट ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं, चौथं. मग माझा हात हवेत थांबला. डोळे उघडेच होते, पापणीही मिटली नव्हती. चारएक सेकंद पडद्यावर काहीही हललं नाही, फक्त मागचा पंखा फिरत होता. मग मी जागा झाल्यासारखा हललो आणि अत्यंत आत्मविश्वासानं आणखी एक पॅकेट ठेवलं. मॅनेजरसाहेबांनी ते तीनदा मागंपुढं करून पाहिलं. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, “तुम्ही झोपला होता हो.” तेवीस वर्षांच्या नोकरीत काउंटरवर झोपल्याचा पुरावा असा सापडला. पुस्तकात याला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. काही सेकंदांची झोप; माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही. गाडी चालवताना आली तर माणूस जातो. मला खुर्चीवर आली, तर महिन्याचा पगार गेला.

शेतकऱ्याचा मोबाईल बंद. गाव जंगलाकाठचं, रात्र झालेली. साहेब म्हणाले, सकाळी जाऊ. नियमानं शॉर्ट रक्कम कॅशिअरनं भरायची असते, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या रात्री मी पुन्हा आढ्याकडे पाहत पडलो. ही म्हणाली, “झोपा आता, उद्याचं उद्या.” नेमकं तेवढंच सोडून मी काहीही करायला तयार होतो. आमगावाजवळ पद्मपूर म्हणून गाव आहे. आठव्या शतकातला भवभूती तिथला, असं सांगतात. आम्हाला त्याचा मोठा अभिमान, वाचलेला फारसा कोणी नाही. कॉलेजात असताना एका सरांनी ‘उत्तररामचरित’ सांगितलं होतं ते आठवलं. पहिल्या अंकात थकलेली सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपी जाते, आणि ती झोपेत असतानाच दुर्मुख नावाचा हेर लोकांत काय बोललं जातंय ते रामाला येऊन सांगतो. पुढचं सगळं तिच्या झोपेत ठरून जातं. पुढे तिसऱ्या अंकात मूर्च्छित रामाला तिचा हात लागतो, तो सावध होतो, आणि स्पर्श ओळखतो, पण ती त्याला दिसत नाही. मुलीच्या पुस्तकात याला भ्रम म्हटलं असतं. भवभूतीला माहीत होतं, की माणूस जागा असला म्हणजे त्याला सगळं दिसतंच असं नाही. चार सेकंदांत काय काय होऊ शकतं हे आमच्या भागातला एक कवी हजार-बाराशे वर्षांपूर्वी लिहून गेला होता, आणि मी ते कॅमेऱ्यात पाहिलं. कोळशाची गाडी गेली. मी डबे मोजले नाहीत.

सकाळी साडेनऊला शाखेचं शटर वर होत होतं, तर पायरीवर तो शेतकरी बसलेला. मांडीवर थैली. शेजारी बायको. मला पाहताच तो उठला आणि चक्क रागावला.

“सायेब, काय हे! रातभर झोप नाही आली जी आम्हाले.”

घरी गेल्यावर त्यानं पैसे धानाच्या कोठीत ठेवायला काढले. “मी मोजलो, पाच. बाई मोजली, पाच. पोरगा मोजला, पाचच.” मोबाईलला चार्जिंग नव्हतं, लाइनही गेलेली. मग रात्रभर दोघं नवराबायको कोठीजवळ बसून राहिले. आधी चोराची भीती. मग पोलिसाची. बाई म्हणाली, “मले वाटे का सायेबाची नोकरी गेली असंन.” पहाटे पहिली गाडी धरून ते आले होते. म्हणजे त्या एकाच पॅकेटपायी एकाच रात्री इकडे मी जागा आणि तिकडे ते जागे. मी ज्याचे पैसे गेले तो, आणि ते ज्यांना मिळाले ते. झोप मात्र तिघांचीही गेली.

मॅनेजरसाहेबांनी स्वतः खुर्च्या दिल्या. पॅकेट मोजलं, शंभर नोटा, एकही कमी नाही, पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. मला काय बोलावं सुचेना. मी चहा मागवला. त्यांच्यासाठी चार कप आले, त्यातला एक मीही घेतला. नोंदवहीत तो चहा आहे. मुलीनं त्याच्यापुढे कंसात ‘मान्य’ असं लिहिलं आहे.

आणि मग पंचाईत झाली. चहा झाल्यावर त्यानं खिशातून पुडी काढली. रबर सोडलं, पन्नी उघडली, आणि हात माझ्यापुढे केला. “घ्या जी.” पन्नास हजार परत करणाऱ्या माणसाचा खर्रा! मॅनेजरसाहेब पाहत होते, शिपाई पाहत होता. नाही म्हणावं तर त्या माणसाचा अपमान. हो म्हणावं तर दोन बोटं. आणि खरं सांगू? तो वास आला तेव्हा माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं, की चार दिवसांची तपश्चर्या त्यात वाहून जायला वेळ लागला नसता. मी म्हटलं, “भाऊ, सगळी पुडीच द्या. दुपारी खाईन.” तो खूष झाला. त्यानं पन्नी पुन्हा नीट गुंडाळली, रबर लावलं आणि माझ्या हातात ठेवली. लग्नाची पत्रिकाही दिली. लग्नाला आम्ही सगळे गेलो. जेवण झणझणीत होतं आणि मी डोळे पुसत पुसत दोनदा वाढून घेतलं.

मुलीची वही कॉलेजात जमा झाली. मॅडमनी शेरा मारला, की नोंदी चांगल्या आहेत, पण प्रयुक्तानं प्रयोगाच्या मध्येच परिस्थिती बदलल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. वीसपैकी चौदा मार्क. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. झोप आता सहा-साडेसहा तासांपर्यंत येते. दुपारनंतर चहा बंद आहे, सकाळचे दोन कप चालू आहेत. बोटं अजून अडीचच जातात. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ तोंड उघडण्याचा व्यायाम दिला आहे. तो मी आरशापुढे करतो, आणि सासूबाई तेवढा वेळ देवघरात जाऊन बसतात.

ती पुडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, शिक्क्यांच्या शेजारी. वाळून खडखडीत झाली आहे. फेकायला हात होत नाही, आणि शिपायाला द्यायला मन होत नाही. रोज संध्याकाळी कॅश बंद झाली, की मी ड्रॉवर उघडून पाहतो. पुडी एक. बरोबर आहे. मग कुलूप लावतो आणि घरी जातो.